अक्कांच्या वहीतले मराठी शब्द



सुलतान बाजार, बडीचावडी, काचीगुड्याचे जुने वाडे, तिथली माणसं, गणपतीतले कार्यक्रम यांवर इथे येणारं सगळं मी नेमाने वाचतो. माझाही जन्म तिथलाच. आजचा विषय मात्र त्या मानाने थोडा रुक्ष वाटेल. लहान मुलांचा दमा, आणि तो सांभाळायला घरोघर जाऊन शिकवणाऱ्या बायका. शेवटपर्यंत वाचलंत तर लक्षात येईल की हा विषय आपल्या भाषेचाही आहे. म्हणूनच तो इथे लिहावासा वाटला.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. बदरुका कॉलेजातून बी. कॉम. केलं, १९७३ साली स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये कारकून म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोंदी आणि बेरीज-वजाबाकी एवढंच माझं शास्त्र. त्यामुळे खाली औषधांबद्दल जे येईल ते आमच्या घरची हकीकत म्हणून वाचा. डोस आपापल्या डॉक्टरांना विचारा.

आमच्या घरी मी, सौ., मुलगा, सूनबाई आणि नात. राहतो बरकतपुऱ्यात. नात पाच वर्षांची असताना दसऱ्यानंतर तिला खोकला सुरू झाला. दिवसा ठीक, रात्री दोन-अडीचला उठून बसायची. छातीतून शिट्टीसारखा आवाज. डॉक्टरांनी तपासून दमा सांगितला आणि दोन पंप लिहून दिले. तपकिरी रंगाचा रोजचा, आणि निळा त्रास झाला की घ्यायचा. सोबत स्पेसर म्हणजे प्लास्टिकची ती लांबट नळी. दवाखान्यात बाहेर तीस पोरं बसलेली. पाच मिनिटांत समजावलं, आम्ही माना डोलावल्या आणि घरी आलो.

त्यानंतरच्या चार महिन्यांत तीनदा रात्री धावपळ करून दवाखान्यात न्यावं लागलं. सूनबाई नांदेडकडची. ती कळवळून म्हणायची, "मी देतेच की रोज, पण फरकच पडेना गेलाय." तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, एका सेवाभावी संस्थेच्या बाई घरी येऊन बघतात, त्यांना पाठवतो.

अशा रीतीने अक्का आमच्या घरी आल्या. पन्नाशीच्या, तेलुगू भाषक, पूर्वी एएनएम म्हणून काम केलेल्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात एक स्पेसर, दोन रिकामे पंप, रंगीत चित्रांचे पुठ्ठे आणि एक दोनशे पानी वही. आमच्याशी बोलायच्या दखनीत. सूनबाई पंपाबद्दल सांगायला लागली तर तिला थांबवून म्हणाल्या, "मेरेकू बताओ नक्को अम्मा, बच्ची कू देते जैसा देके दिखाओ."

सूनबाईने देऊन दाखवलं. पंप हलवला नाही. स्पेसरला लावून लागोपाठ दोनदा दाबला. नातीने एक मोठा श्वास घेतला आणि तोंड काढलं. अक्का रागावल्या नाहीत. "अच्छा है, मुँह बराबर बंद करी बच्ची," म्हणाल्या, आणि मग स्वतः करून दाखवलं. आधी पंप नीट हलवायचा. एका वेळी एकच पफ. तो दाबल्यावर मुलाने स्पेसरमधून पाच-सहा साधे श्वास घ्यायचे, जोर लावायचा नाही. दुसरा पफ असेल तर थोडं थांबून, परत हलवून. तपकिरी पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. आठवड्यातून एकदा स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही. का, तर घासल्याने प्लास्टिकमध्ये वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटून राहतं. सूनबाई रोज इमानाने तो कोरड्या फडक्याने पुसत होती. स्वच्छतेसाठीच. पाच मिनिटांच्या दवाखान्यात हे कुणी सांगणार तरी कसं?

पुढचा त्यांचा प्रश्न मला फार आवडला. "रात कू अम्मा घर में नै रही तो कौन देता?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडून, सौ.कडून आणि संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून मुलाकडूनही ते करवून घेतलं. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, आणि एक रजेवर गेला तर तिसरा कोण हे आधीच ठरलेलं असतं. घरातल्या पंपाला असा नियम मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या भेटीत त्यांनी आम्हाला तिघांना जागच्या जागी मिनिटभर पळायला लावलं. माझं वय बघता मी नुसताच पाय हलवला. मग प्रत्येकाच्या हातात सरबत प्यायची एकेक बारीक नळी दिली आणि नाक चिमटीत धरून फक्त नळीतून श्वास घ्यायला सांगितलं. दहा-बारा श्वासांत सौ.ने नळी काढून टाकली. नात हसत होती. अक्का तिला म्हणाल्या, बघ, आता आजीला कळलं तुला रात्री कसं होतं. मग चित्राचा पुठ्ठा काढला. दम्यात श्वासनळी आतून सुजलेली असते, चिकट बलगम जमतं आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. निळा पंप ते आवळलेले स्नायू सैल करतो, पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. सूज मात्र तशीच राहते. ती उतरवणं हे तपकिरी पंपाचं काम, आणि ते दिवसागणिक सावकाश होतं. म्हणून बरं वाटलं तरी तो मनाने बंद करायचा नाही.

सौ.च्या मनात दुसरीच शंका होती, आणि ती आपल्यातल्या बहुतेक घरांत असते. "स्टेरॉइड आहे म्हणतेत. पोरीला सवय लागली तर?" अक्का म्हणाल्या, अम्मा, डोळे आले तर थेंब डोळ्यात टाकता की गोळी गिळता? जिथे दुखतं तिथेच थोडं औषध. मी पंपावरचे आकडे वाचले आणि कागदावर हिशेब मांडला. नातीला एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम, दिवसाला दोन पफ, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. अटॅक आल्यावर मोठ्या माणसाला स्टेरॉइडची १० मिलिग्रॅमची गोळी देतात, ती १०,००० मायक्रोग्रॅमची. म्हणजे नुसत्या वजनाने एका गोळीत नातीचे पन्नास दिवस निघतात. औषधं वेगवेगळी आहेत, तुलना तंतोतंत नाही, पण अंदाज येतो. वारंवार अटॅक येऊन गोळ्या-इंजेक्शनं घेण्यापेक्षा हे किती कमी, ते सौ.ला त्या कागदावरून पटलं. डॉक्टर दर भेटीत नातीची उंचीही मोजतात, ती मी वहीत लिहून ठेवतो.

वही म्हणजे माझं खातं. ती सुरू करायला अक्कांनीच सांगितलं. पंपात २०० डोस असतात. रोज दोन म्हणजे शंभर दिवस. सुरू केल्याची तारीख पंपावर चिकटपट्टी लावून लिहायची, म्हणजे संपायची तारीख आपोआप कळते. कितीतरी घरांत पंप हलवून बघतात किंवा पाण्यात टाकून तरंगतो का बघतात. त्यावर विसंबायचं नाही. आतला वायू औषध संपल्यावरही फुसफुसतो, आणि घरच्यांना वाटतं, देतोय की आपण.

शिवाय दर महिन्याला चार प्रश्न. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनदांपेक्षा जास्त त्रास झाला का? रात्री खोकल्याने जाग आली का? निळा पंप आठवड्यातून दोनदांपेक्षा जास्त लागला का? खेळणं थांबवावं लागलं का? चारही "नाही" असतील तर दमा ताब्यात आहे. एकही "हो" आलं तरी डॉक्टरांना सांगायचं. जगभरचे डॉक्टर हेच चार प्रश्न विचारतात असं मला नंतर कळलं.

त्या वहीतूनच एक गोष्ट निघाली. दोन महिन्यांच्या नोंदींवर अक्कांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "गुरुवार कू क्या होता घर में?" नातीच्या खोकल्याच्या रात्री बहुतेक गुरुवारच्या होत्या. आमच्याकडे दत्ताची उपासना तीन पिढ्यांची. दर गुरुवारी आरती, कापूर, आणि निखाऱ्यावर ऊद. घरभर धूर फिरवायचा. सौ.चा चेहरा उतरला. अक्कांनी बंद करा म्हटलं नाही. त्यांच्याही घरी सांब्राणी असतेच. त्यांनी वही मिटली आणि विषय बदलला. पुढच्या गुरुवारी सौ.ने तुपाचं निरांजन लावलं आणि आरती केली. उदाचं नाव काढलं नाही. महिनाभराने म्हणाली, "दत्तगुरूंना लेकराचा श्वास जास्त प्यारा असंल." पुढे मच्छर अगरबत्ती गेली. बाल्कनीत कबुतरं बसायची, तिथे जाळी लागली. माळ्यावरची कापसाची जुनी रजई वाटून टाकली. केळं, दही, पेरू मात्र परत आले. ते आम्ही उगीच बंद केले होते. खाल्ल्यावर त्रास झाल्याचं स्वतः पाहिलं तरच बंद करा, असं त्यांचं म्हणणं.

हैदराबादेत दम्याची गोष्ट मृगाच्या प्रसादाशिवाय पुरी होत नाही. जूनमध्ये मृगशिरा कार्ती लागली की बत्तिनी घराण्याकडून मिळणारा तो जिवंत माशातला प्रसाद घ्यायला देशभरातून लोक येतात. पूर्वी दूधबावलीत द्यायचे, पुढे नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर. पैसे घेत नाहीत. शाकाहारी लोकांना गुळातून देतात. आमच्या वडिलांनी माझ्या धाकट्या बहिणीला लागोपाठ तीन वर्षं नेलं होतं, गुळातला द्यायला. सौ.ने अक्कांना विचारलं, नातीला नेऊ का? त्या म्हणाल्या, श्रद्धा आहे तर तुम्ही ठरवा, पण पंप त्या दिवशीही चुकवायचा नाही, आणि गर्दीत निळा पंप खिशात ठेवायचा. आम्ही गेलो नाही.

आता बहिणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ती १९५५ ची. लहानपणापासून दमा. आमच्या काचीगुड्याच्या वाड्यात रात्री आई तिला पाठीशी उशा लावून बसवायची आणि वडील धोतऱ्याच्या वाळलेल्या पानांचा धूर द्यायचे. त्या काळी तेच उपाय माहीत होते. शाळा निम्मी बुडाली, तरी मॅट्रिक झाली, गाणं छान म्हणायची. १९७६ साली मराठवाड्यात लग्न झालं. मुलीला दमा आहे हे सासरी सांगायचं नाही, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं. तसं सगळ्याच घरांत ठरायचं. ती गोळ्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवायची आणि रात्री चोरून घ्यायची. १९८३ च्या जानेवारीत एका रात्री तिला अटॅक आला. घरात दहा माणसं होती आणि काय झालंय हे एकालाही कळलं नाही. त्यांनी हृदयाचं समजून पंखा घातला, पायाला सुंठ चोळली. सकाळी तार आली तेव्हा मी परभणीच्या शाखेत होतो. सत्तावीस वर्षांची होती. सासरची माणसं वाईट नव्हती. त्यांना माहीतच नव्हतं.

म्हणून नातीच्या वेळी एका नातलग बाईंनी "मुलीची जात आहे, पंप चारचौघांत काढत जाऊ नका" असं सांगितलं तेव्हा आमच्या घरात शांतता पसरली. सूनबाईने पंप पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली होती. अक्का पुढच्या वेळी आल्या तेव्हा सौ.ने स्वतःहून त्यांना माझ्या बहिणीची हकीकत सांगितली. चाळीस वर्षांत तिने ती परक्या माणसाला सांगितलेली मी ऐकली नव्हती. अक्का थोडा वेळ गप्प बसल्या. मग नातीला म्हणाल्या, चल, तुझा पंप कुठे ठेवायचा ते तू सांग. नातीने फ्रीजवरची टोपली दाखवली. आता पंप तिथेच असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. दुसरा निळा पंप आणि स्पेसर शाळेत. अक्का शाळेतही गेल्या आणि वर्गशिक्षिकेला शिकवून आल्या. खेळाच्या तासाला नात बाकावर बसून राहत नाही, पळते.

तीन वर्षं झाली. रात्री दवाखान्यात न्यायची वेळ त्यानंतर एकदाच आली, दिवाळीतल्या फटाक्यांच्या धुराने. तेव्हाही कागद तयार होता. डॉक्टरांनी आखून दिलेला तो कागद अक्कांनी सिग्नलच्या रंगांत केला आहे. हिरवा म्हणजे रोजचा पंप चालू ठेवा. पिवळा म्हणजे खोकला, शिट्टी, तर निळा पंप. लाल म्हणजे वाक्य पुरं बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर, निळ्या पंपाने उतार नाही. आमच्या नातीच्या कागदावर लाल रंगात असं आहे, की निळ्या पंपाचे चार पफ एकेक करून, वीस मिनिटांत उतार नाही तर परत चार, आणि तोवर १०८ ला फोन. ही १०८ ची गाडी २००५ साली पहिल्यांदा आपल्या हैदराबादेतच सुरू झाली, हे जाता जाता.

इथपर्यंतची गोष्ट एका बऱ्यापैकी सुखवस्तू घराची. गेल्या वर्षी अक्कांनी मला फोन केला. "तातगारू, एक मराठी अम्मा है, उसकी बात मेरेकू समझ में आती नै. तुम आते क्या?"

मी गेलो. गोलनाक्याच्या बाजूला मुसीकाठची वस्ती. नांदेड जिल्ह्यातून बांधकामावर आलेलं कुटुंब, एक खोली, दारातच चूल, पाच वर्षांचा मुलगा. आई विशीतली. तिला तेलुगू येत नाही, दखनी अर्धवट कळते. अक्का तिला तेलुगूत आणि दखनीत विचारत होत्या, मुलाची छाती आत जाते का, पसली चालते का. ती नुसती मान हलवायची. हो की नाही तेच समजेना. मी मराठीत विचारलं, बाई, रात्री काय होतं लेकराला? ती एकदम बोलायला लागली. "काय सांगू काका, रातच्याला लई दम लागतो. पोट उडायलंय लेकराचं. आन् मंग यांनी रिक्षा करून नेतेत, सुई टोचली की राहतं चार दिस."

पोट उडतं. आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या म्हणत आल्या आहेत. श्वास घेताना बरगडीखाली खळगा पडतो आणि पोट वरखाली होतं. अक्का दहा मिनिटं जो धोक्याचा इशारा विचारत होत्या, तो त्या बाईला पुरता ठाऊक होता. तिच्याकडे त्याचा शब्द होता, तो विचारणाराच तिथे नव्हता. मी अक्कांना सांगितलं. त्यांनी वही काढली आणि तेलुगू लिपीत लिहून घेतलं, "पोट उडतं". खाली अर्थ. मग मला आणखी विचारायला लागल्या. धाप लागणं, दम कोंडणं, घरघर, छाती भरणं, कफ सुटणं. एकेक शब्द आणि त्याचा नेमका अर्थ. धाप पळाल्यावर सुद्धा लागते, घरघर बसल्या बसल्या होते, असे बारकावे सांगता सांगता मलाही पहिल्यांदाच उमगत होते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनेही हेच केलं होतं. बालकांच्या न्यूमोनियासाठी लोक वापरायचे ते गावातले शब्द त्यांनी आधी गोळा केले. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींना श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं साधन बनवलं. गावातल्या माणसांनी ओळखून उपचार केल्यावर बालमृत्यू घटले, हे त्यांनी १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दाखवून दिलं. तो न्यूमोनिया, हा दमा. आजार वेगळे आहेत. पण धोका ओळखण्याची सुरुवात दोन्हीकडे आईच्या शब्दापासूनच होते.

त्या मुलाला वर्षभरात चार वेळा न्यूमोनिया समजून औषधं दिली गेली होती. अक्का त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, मी दुभाष्या. दमाच निघाला. पंप मिळाले, स्पेसरला पैसे नव्हते. अक्कांनी पिशवीतून अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली काढली. तार वाकवून पंपाच्या तोंडाच्या आकाराची केली, तापवली आणि बाटलीच्या बुडाला तेवढंच भोक पाडलं. पंप बसवून फट डिंकासारख्या पदार्थाने बुजवली. बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात. मला हा जुगाड वाटला, पण दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली याच अर्ध्या लिटरच्या बाटलीची चाचणी घेतली होती आणि ती विकतच्या स्पेसरइतकीच चालते असं दिसलं होतं. बाप हिशेबी माणूस. त्याने विचारलं, रोजचा पंप परवडंल का? मी त्याच्या सांगण्यावरून बेरीज केली. दवाखान्याच्या एका रात्रीची रिक्षा, सुई, सलाईन आणि बुडालेल्या दोन मजुऱ्या, यांत तीन महिन्यांचा पंप येत होता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चूल दारातून बाहेर भिंतीपाशी नेली.

कागद मात्र इंग्रजी आणि तेलुगूत होता. ती बाई चौथी शिकलेली, मराठी वाचते. मी घरी येऊन तोच कागद मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिला. लाल रंगाच्या खान्यात पहिलीच ओळ घातली, "पोट उडत असेल तर". डॉक्टरांनी तपासला, अक्कांनी झेरॉक्स काढल्या. आतापर्यंत नऊ मराठी घरांत तो भिंतीवर लागलाय.

सरकारी योजना आहेत. २००५ पासून आशाताई आहेत. २०१३ पासून शाळा-अंगणवाडीत मुलांची तपासणी होते, तिच्या यादीत श्वासनलिकेचा हा विकारही आहे. २०१८ पासून आपल्या शहरात बस्ती दवाखाने आहेत. ते सगळं हवंच. पण आशाताईकडे बाळंतपणं, लसीकरण, क्षय अशी आधीच मोठी यादी, आणि घरात तास-तासभर बसून चौघांकडून पंप करवून घेणं हे कुणाच्याच यादीत नीट बसत नाही. अक्कांसारख्या बाईकडे चाळीसेक घरं आहेत. त्यांच्या संस्थेचा पैसा वर्षावर्षाने मंजूर होतो, आणि दर मार्चला त्यांना माहीत नसतं की एप्रिलमध्ये काम आहे की नाही. मी बँकेच्या सवयीने त्यांच्या कामाचा एक साधा तक्ता करून दिलाय. किती घरं, रात्रीच्या किती फेऱ्या वाचल्या, शाळेचे किती दिवस. निधी देणाऱ्यांना आकडे लागतात.

मंडळी, आता माझं मागणं. आपल्या या पानावर बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याची मंडळी आहेत. प्रत्येक गावची मराठी थोडी वेगळी. तुमच्याकडे मुलाला दम लागतो तेव्हा आजी-आई काय म्हणते? पोट उडतं म्हणता की आणखी काही? खाली लिहा, गावाच्या नावासकट आणि नेमक्या अर्थासकट. मी ते अक्कांच्या वहीत पोचवीन. आणि तुमच्या शहरात मराठी न कळणारी अशी कुणी बाई वस्तीतल्या मराठी घरांत जात असेल, तर आठवड्यातली एक सकाळ तिच्याबरोबर जा. निवृत्त माणसाला ते अवघड नाही. मराठीतला कागद कुणाला हवा असेल तर सांगा, फोटो काढून पाठवतो. आकडे मात्र त्यात रिकामे ठेवलेत. ते त्या त्या मुलाच्या डॉक्टरांनी भरायचे.

एक निवृत्त बँक अधिकारी, बरकतपुरा, हैदराबाद